उन्हाला अडवणारी फिल्म, कायद्यात बसणारी काच

वैशाखातल्या दुपारी तासभर उन्हात उभी राहिलेली मोटार म्हणजे चाके लावलेली भट्टीच. दार उघडताच गरम हवेचा लोट अंगावर येतो, स्टिअरिंगला हात लावता येत नाही आणि वातानुकूलन यंत्र पूर्ण वेगाने फिरवूनही पहिली दहा मिनिटे घामातच जातात. मागच्या आसनावर लहान मूल किंवा वयोवृद्ध व्यक्ती असेल, तर ही केवळ गैरसोय उरत नाही. साहजिकच उन्हाळा सुरू झाला की नव्या मोटारीचे मालक सनफिल्मची चौकशी करू लागतात. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो वा पुण्यातील नाना पेठ, दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते : 'साहेब, ही फिल्म कायदेशीर आहे, पोलीस काही म्हणणार नाहीत.'

हे उत्तर कितपत खरे आहे, याचा शोध फिल्मचा रंग आणि भाव पाहण्याआधी घ्यायला हवा. कारण या व्यवहारात दुकानदाराची जबाबदारी फिल्म चिकटवण्यापाशी संपते. पुढे चौकात मोटार अडवली गेली, तर दंड मालक भरतो आणि हजारो रुपयांची फिल्म त्याच्या डोळ्यांदेखत खरवडली जाते. दुकानदाराने दिलेली हमी फिल्म उडण्याबद्दल किंवा रंग विटण्याबद्दल असते. पोलिसांनी काढलेल्या फिल्मची भरपाई त्यात नसते.

सत्तर आणि पन्नास

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० मोटारीच्या काचांसंबंधी आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे तो सांगतो. या प्रमाणाला व्यवसायात 'व्हीएलटी' म्हणतात. आकडा जितका लहान, तितकी काच काळी. भल्या भल्या ग्राहकांचा गोंधळ येथेच होतो. 'सत्तर टक्क्यांची फिल्म' म्हणजे सत्तर टक्के काळी नव्हे. सत्तर टक्के प्रकाश आत सोडणारी, म्हणजे जवळपास पारदर्शक.

नियमात हे आकडे असूनही एकेकाळी रस्त्यांवर काळ्याकुट्ट काचांच्या मोटारी सर्रास फिरत. अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला आणि ४ मे २०१२ पासून मोटारीच्या काचांवर कोणत्याही प्रमाणाची काळी फिल्म वा अन्य साहित्य चिकटवण्यास देशभर मनाई केली. न्यायालयाचा युक्तिवाद सरळ होता. नियम ७० आणि ५० टक्के म्हणतो तो कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या काचेविषयी. कारखान्यात काचेलाच दिलेली छटा चालेल. पण नंतर वरून काही चिकटवण्याची मुभा नियमात कोठेही नाही. गुन्ह्यांसाठी होणारा अशा मोटारींचा वापर आणि रात्रीच्या अपघातांचा धोका, ही त्यामागची चिंता होती. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांच्या वाहनांपुरता अपवादाचा मार्ग ठेवण्यात आला. वाहतूक पोलिसांनी नुसते चलन न फाडता फिल्मही काढून टाकावी, असे निकालात स्पष्ट म्हटले होते. निर्धारित प्रमाणात प्रकाश सोडणाऱ्या फिल्मना तरी परवानगी मिळावी, हा प्रयत्नही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने फेटाळला.

मग आज दुकानात उघडपणे विकली जाणारी 'कायदेशीर फिल्म' आली कोठून? तिचा आधार आहे नियमातील नंतरचा बदल. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नियम १०० मध्ये सुरक्षा काचेच्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' ही व्यापक संज्ञा आली. भारतीय मानक २५५३ च्या दुसऱ्या भागाच्या २०१९ मधील आवृत्तीत या संज्ञेत आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेल्या काचेचाही समावेश होतो. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. नगरेश यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये निर्णय दिला, की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळली जात असेल, तर काचेला आतून लावलेल्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ मधील निकाल नियमाच्या जुन्या शब्दरचनेवर आधारलेला होता, असे त्यांचे म्हणणे.

महाराष्ट्रातील मोटारमालकाने यातून काय घ्यावे? केरळमधील हा निर्णय येथे मार्गदर्शक म्हणून दाखवता येतो. मात्र तो येथील पोलिसांवर थेट बंधनकारक नाही. २०१२ मधील आदेश वाहतूक पोलिसांच्या अंगवळणी पडलेला आहे आणि चौकातील हवालदार मानकांच्या आवृत्त्या उलगडून वाचत बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि नंतरच्या प्रत्येक वेळी १५०० रुपये दंड होतो. रक्कम मोठी नाही. खरे नुकसान फिल्मचे आणि कधी कधी काचेचे. म्हणूनच ज्याला चौकात वाद घालण्याची इच्छा वा सवड नाही, त्याने फिल्मच्या नादी न लागणे हा आजही सर्वांत स्वस्त मार्ग आहे. ज्याला ती लावायचीच आहे, त्याने निदान मर्यादेच्या आत राहावे आणि मर्यादा मोजायची कशी, हे समजून घ्यावे.

गुणाकार विसरू नये

येथेच सर्वांत मोठी फसगत होते. नियमातील टक्केवारी फिल्मची नसून काच अधिक फिल्म अशा जोडीची आहे. मोटारीची काच मुळातच शंभर टक्के प्रकाश सोडत नाही. हल्लीच्या बहुतेक मोटारींच्या काचांना कारखान्यातच हिरवट छटा दिलेली असते. अशी काच ७५ टक्के प्रकाश सोडते असे धरले आणि तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली, तर आत येणारा प्रकाश पन्नास टक्के राहत नाही; पंचाहत्तरच्या निम्मे, म्हणजे ३७.५ टक्के राहतो. दुकानदार 'पन्नासची आहे, बाजूला चालते' म्हणतो तेव्हा तो फिल्मविषयी खरे बोलत असतो आणि मोटारीविषयी खोटे.

त्याच काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावली, तर हिशेब ५२.५ टक्क्यांवर येतो. बाजूच्या काचांसाठी हे बसते, पण जेमतेम. पुढच्या काचेचे गणित आणखी कठीण. काच ७५ टक्क्यांची असेल, तर ७० टक्क्यांची अट पाळण्यासाठी फिल्म ९३ टक्क्यांहून अधिक प्रकाश सोडणारी हवी. एवढी पारदर्शक फिल्म मिळणे जवळपास अशक्य. काच मुळात स्वच्छ, ८० टक्के किंवा अधिक प्रकाश सोडणारी असेल, तरच ८८ टक्क्यांच्या आसपासची फिल्म लावून सीमारेषेवर राहता येते. थोडक्यात, पुढच्या आणि मागच्या काचेला फिल्म लावण्याचा आग्रह बहुतेक मोटारींत कायद्याच्या बाहेर नेतो. तो न धरणे शहाणपणाचे.

काच आणि फिल्ममधील परावर्तनामुळे हा गुणाकार ढोबळ ठरतो. अचूक उत्तर मीटर देतो. काचेच्या एका बाजूला प्रकाश सोडणारा आणि दुसऱ्या बाजूला तो मोजणारा, असे दोन तुकडे असलेले हे छोटे उपकरण चांगल्या दुकानात असते. फिल्म लावण्याआधी नुसती काच मोजून दाखवायला सांगावे. मीटरच नाही, किंवा आहे पण ग्राहकासमोर काढायचा नाही, असे दिसले तर पुढच्या दुकानाकडे वळावे.

काळोख म्हणजे गारवा नव्हे

काळी काच उष्णता अडवते, हा समज पक्का रुजलेला आहे. काळी छत्री आणि पांढरी छत्री यांचा अनुभव असूनही तो जात नाही, हे नवलच.

जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेचे शंभर भाग केले, तर त्यातील सुमारे ४४ भाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचे असतात. अतिनील किरणांचा वाटा अगदी थोडा, आणि निम्म्याहून किंचित अधिक भाग न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा. साधी, रंगात बुडवलेली फिल्म दिसणारा प्रकाश शोषते. अवरक्त किरणांना मात्र बऱ्याच अंशी वाट मोकळी ठेवते. शोषलेल्या ऊर्जेने काच तापते आणि ती उष्णतेचा काही भाग आत सोडत राहते. अशी फिल्म डोळ्यांवरची तिरीप कमी करते. गारवा त्या मानाने बेताचाच. स्वस्त रंगीत फिल्म काही उन्हाळ्यांनंतर जांभळट पडते, ते निराळेच.

धातूचा सूक्ष्म थर असलेली फिल्म उष्णता परावर्तित करते, म्हणून ती अधिक परिणामकारक. पण धातू रेडिओ लहरीही अडवतो. मोबाइलची रेंज, दिशादर्शक यंत्रणेचा संकेत यांत व्यत्यय येऊ शकतो. पुढच्या काचेवर फास्टॅग असतो. त्यावरून धातूची फिल्म गेली, तर टोल नाक्यावरील यंत्राला तो वाचता येईलच असे नाही. काही मोटारींच्या काचेतच उष्णतारोधक धातूचा थर असतो आणि टॅगसाठी आरशाजवळ मोकळी जागा सोडलेली असते, ती याच कारणाने.

सध्या बोलबाला आहे तो सिरॅमिक फिल्मचा. तिच्यात धातूच्या अखंड थराऐवजी अवरक्त किरण अडवणारे अतिसूक्ष्म कण असतात. त्यामुळे ती फारशी काळी न होता उष्णता रोखते आणि लहरींनाही आडवी येत नाही. अनेक पारदर्शक थर एकावर एक रचून तेच काम करणाऱ्या फिल्मही आहेत. भाव अर्थातच रंगीत फिल्मच्या कैक पट. परदेशी नावांची चलती असली, तरी या क्षेत्रातील एक मोठा उत्पादक मराठी मातीतला आहे : गरवारे हाय-टेक फिल्म्सचे कारखाने छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि चिकलठाणा येथे आहेत, आणि तेथील फिल्म परदेशांतही जाते.

कोणत्याही नावाची फिल्म असो, दुकानात तिचे प्रात्यक्षिक होतेच. तांबडा दिवा, त्याच्यासमोर काचेचा तुकडा, ग्राहकाचा हात. साध्या काचेमागे हात भाजतो. फिल्म लावलेल्या काचेमागे काहीच जाणवत नाही. ग्राहक प्रभावित होतो आणि '९७ टक्के उष्णता रोखते' हे वाक्य त्याच्या गळी उतरते.

या प्रयोगात दोन खोड्या आहेत. दिव्याची बहुतेक ऊर्जा अवरक्त असते, सूर्याची तशी नाही. त्यामुळे दिव्यासमोर जिंकणारी फिल्म उन्हातही तेवढीच जिंकेल, असे नाही. शिवाय हात समोर धरला जातो काही सेकंदच. उष्णता परतवण्याऐवजी शोषून घेणारी फिल्म तापायला वेळ घेते. पाच-दहा मिनिटे दिवा तसाच ठेवायला सांगून पुन्हा हात धरला, की फरक कळतो.

९७ टक्क्यांच्या दाव्याचा समाचार तर कागद-पेन्सिलने घेता येतो. ७० टक्के दृश्य प्रकाश आत सोडणारी फिल्म घेऊ. दिसणाऱ्या ४४ भागांपैकी ७० टक्के, म्हणजे सुमारे ३१ भाग आत येणारच. बाकीचे सगळे अवरक्त आणि अतिनील किरण तिने शंभर टक्के परतवले असे मानले, तरी एकूण अडवलेली ऊर्जा ६९ भागांच्या वर जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात ती याहून बरीच कमी असते. तेव्हा ९७ हा आकडा एकूण उष्णतेचा नसून अवरक्त किरणांच्या एखाद्या निवडक पट्ट्याचा असतो. ग्राहकाने विचारायचा आकडा एकच : एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडते? पत्रकावर तो 'टीएसईआर' या अक्षरांनी छापलेला असतो. दोन फिल्मची तुलना करताना दोन्हींचे व्हीएलटी सारखे घेऊन हा आकडा ताडून पाहावा.

आणखी एक अपेक्षा आवरलेली बरी. दुपारभर उन्हात उभी असलेली मोटार चांगल्या फिल्मनेही शेवटी तापतेच, फक्त सावकाश. फिल्मचा खरा उपयोग मोटार चालती असताना होतो. बाजूने अंगावर येणारे ऊन सौम्य होते, वातानुकूलन लवकर वर्चस्व मिळवते. उभ्या मोटारीसाठी पुढच्या काचेमागे आतून लावायचा चंदेरी पडदा अधिक कामाचा. तो काही शे रुपयांत मिळतो, चालवताना घडी करून ठेवता येतो आणि उभ्या मोटारीत वापरल्यामुळे कायद्याचा प्रश्नही येत नाही. त्वचेच्या काळजीपोटी फिल्म शोधणाऱ्यांनी हेही जाणावे, की पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा दाबून बनवलेली असते आणि तो पापुद्रा अतिनील किरण जवळपास पूर्ण अडवतो. उणीव असते ती बाजूच्या एकेरी काचांत. पारदर्शक वाटणारी फिल्मही तेथे ते काम करते.

कारागीर कसा पारखावा

उत्तम फिल्म कच्च्या हाताने लावली, तर ती मध्यम फिल्मपेक्षा वाईट दिसते. दुकानाची पाटी पाहण्याऐवजी काम कोठे चालते ते पाहावे. रस्त्याच्या कडेला, धुळीत, झाडाखाली फिल्म लावणारा कारागीर कितीही कुशल असला, तरी काच आणि फिल्म यांच्यात धुळीचे कण अडकणारच. बंद जागा, ओली फरशी, पुरेसा उजेड या किमान गोष्टी. नुकतेच पूर्ण झालेले काम पाहायला मागावे. बाजूची काच थोडी खाली घेऊन वरची कड तपासावी. फिल्म काचेच्या कडेला समांतर, मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत, करवतीसारखे दाते नसलेली असावी. कड काचेवरच पात्याने कापली जात असेल, तर काचेवर चरे उठत नाहीत ना, हे पाहावे. काही ठिकाणी मोटारीच्या मापाने यंत्रावर फिल्म आधीच कापून घेतात, ते उत्तम.

मागची काच ही कारागिराची खरी कसोटी. ती दोन दिशांनी वळलेली असते आणि सपाट फिल्म तिच्यावर सुरकुत्या न पडता बसत नाही. मुरलेला कारागीर फिल्म आधी काचेच्या बाहेरच्या बाजूला पसरतो, गरम हवेच्या यंत्राने तिला हळूहळू आकसवत काचेचा बाक देतो आणि मग आतून चिकटवतो. कच्चा माणूस दोन-तीन पट्ट्या जोडून वेळ मारून नेतो. याच काचेवर धुके घालवणाऱ्या तापतारांच्या बारीक रेषा असतात. जुनी फिल्म काढताना पाते फिरवले, की त्या तुटतात आणि मग दुरुस्ती फिल्मच्या किमतीला लाजवते. वाफ देऊन गोंद सैल करून फिल्म सोलणे हा योग्य मार्ग. चौकात घाईने फिल्म खरवडली जाते तेव्हा ही काळजी कोणी घेत नाही, हे मागच्या काचेचा हट्ट धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

फिल्म साबणाच्या पाण्यावर तरंगवत बसवतात आणि रबरी पट्टीने पाणी बाहेर ओढतात. हे पाणी दारातील बटणांत, स्पीकरमध्ये झिरपू नये म्हणून जाड कापड टाकले जाते की नाही, हे विचारायला लाजू नये. पुढच्या काचेमागे कॅमेरा किंवा पावसाचा संवेदक असलेल्या नव्या मोटारींत तर त्या काचेला हात न लावणेच बरे.

बिलावर केवळ 'सनफिल्म, एक नग' असे लिहून घेऊन परतू नये. फिल्मचे पूर्ण नाव, व्हीएलटी, गुंडाळीचा क्रमांक, लावल्याची तारीख आणि कोणत्या काचांना लावली याची नोंद हवी. काम झाल्यावर प्रत्येक काचेचे मीटरवरील वाचन त्याच कागदावर लिहून, शिक्का घेऊन तो कागद मोटारीत ठेवावा. चौकात तो दाखवल्यावर प्रत्येक वेळी सुटका होईल, अशी खात्री नाही. मात्र चलनाविरुद्ध दाद मागायची वेळ आली किंवा दुकानदाराने सांगितलेला आकडा खोटा निघाला, तर ग्राहक आयोगापुढे ठेवायला दुसरे काही हाती नसते. दुकानदार लेखी देण्यास कचरत असेल, तर त्याच्या तोंडी शब्दाची किंमत आपोआप कळते.

कामासाठी कोरडा हंगाम निवडावा. माघ-फाल्गुनात लावलेली फिल्म चार-आठ दिवसांत वाळते. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तिला तीन-चार आठवडेही लागू शकतात. तोपर्यंत काचेवर दुधाळ डाग, पाण्याचे लहान फुगे दिसतात. ते घाबरण्यासारखे नसतात आणि नखाने दाबूही नयेत. टोकदार कण मध्ये अडकलेला फुगा मात्र वाळून जात नाही. तो लगेच दाखवून पट्टी बदलून घ्यावी. काच पुसताना अमोनिया असलेला द्राव टाळावा, मऊ ओले फडके पुरते. पहिले चार-पाच दिवस काचा खाली करायच्या नसतात. वाहनतळावर तिकीट घेताना हात सवयीने बटणाकडे जातो आणि ओली फिल्म दाराच्या रबरात अडकून सोलली जाते. म्हणून जाणता कारागीर मोटार ताब्यात देण्याआधी काचांच्या चारही बटणांवर कागदी चिकटपट्टी लावून देतो. त्याने लावली नाही, तर मागून घ्यावी.